आइस टीत घातलेलं दूध

मी सातवी नापास आणि स्वयंपाकात बालवाडीसुद्धा नाही. चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढली. लोखंडात केसाएवढा फरक राहिला तरी बोटाला कळायचा. पण आमच्या गॅसच्या शेगडीचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, हे बायको गेल्यावर कळलं. ते पण एक भुवई जळाल्यावर.

तिला जाऊन पाच महिने झाले होते. मुलगी बदलापूरला शिरगावात राहते. दर रविवारी फोनवर तिचा एकच धोशा, "बाबा, खोली बंद करा आणि आमच्याकडे या. तुम्हाला साधा चहा करता येत नाही."

मी म्हणायचो, सगळं येतं मला. सगळं म्हणजे काय, तर सकाळचा चहा नाक्यावर, दुपारचा नाक्यावर, संध्याकाळचाही तिथेच. इतका पडीक की चहावाला मला गिऱ्हाईक समजायचा बंद झाला. गर्दी झाली की म्हणायचा, काका, उठा, माणसं आलीत.

मे महिन्यात मुलीने जाहीर केलं, शनिवारी नातीला घेऊन येते, तुमचे कपडे भरायला. नातीने मधेच फोन ओढला. "आबा, मला आइस टी करून द्याल?"

मागून मुलीचा आवाज आला, "करतील हां! बस वाट बघत."

मला झोंबलं. म्हटलं, "करतो. आणि जमला तर मी इथेच राहणार."

"चालेल," मुलगी म्हणाली. "नाही जमला तर मुकाट निघायचं. मग रुसायचं नाही."

झालं. म्हाताऱ्याने आपलं राहतं घर एका चहावर लावलं. तेसुद्धा असल्या चहावर, जो त्याने आयुष्यात प्यायला नव्हता.

आमची खोली उल्हासनगरच्या कॅम्प चारला. शेजारी सिंधी भाभी. तिला विचारलं तर म्हणाली, "उसमें क्या है दादा! पत्ती उबालो, छानो, ठंडी करो. चीनी, नींबू, ऊपर से बर्फ. दूध मत डालना, हां? बिल्कुल मत डालना." ती दोनदा बोलली, मी दोनदा मान हलवली.

शनिवारी सकाळी पातेलं ठेवलं. कारखान्यात कडक चहाची सवय, म्हणून पावडर चार चमचे टाकली. रटरट उकळून गाळला. पातेल्यात काळा चहा, त्याच्यावर वाफ. आणि माझा हात थांबला.

आमच्याकडे मयत झालं की त्या घरात कोरा चहा होतो. बायकोला पोहोचवून आलो तेव्हा शेजारणींनी याच पातेल्यात केला होता. कोणीतरी माझ्या हातात ग्लास दिला. तो हातातच गार झाला. मग मी तसाच प्यायलो. आता तोच गार, कोरा चहा नातीपुढे ठेवायचा? पोरगी हसत घरी येणार आणि मी तिला मयताचा चहा देणार? मन घेईना. पिशवी फोडली आणि दूध ओतलं. बरं वाटलं, रंग माणसात आला. मग पंख्याखाली गार केला, लिंबू पिळलं आणि भाभीकडचा बर्फ टाकला.

नातीने ग्लासात डोकावलं. "आबा, यात काहीतरी पोहतंय."

मुलीने वाकून बघितलं. "बाबा, हे पनीर आहे."

भाभी दारातच उभी होती. "दादा, अब पालक भी डाल दो!"

तिघी पोट धरून हसल्या. मीही हसलो, कारण न हसून करतो काय. हसता हसता मुलीने कपाटावरची बॅग खाली काढली आणि माझे सदरे घडी घालायला बसली.

"भाभींनी सांगितलं नव्हतं का, दूध घालू नका म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग का घातलंत?"

"या घरात कोरा चहा शेवटचा कधी झाला, आठव."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. भाभी आपल्या घरात गेली. नातीला थोडं कळलं, थोडं नाही. ती हळूच म्हणाली, "मी करू का, दूध न घालता?"

"तू नाही. मी करतो."

पुन्हा पातेलं ठेवलं. या वेळी पावडर एक चमचा. गाळला, गार केला, लिंबू, साखर, उरलेला बर्फ. तीन स्टीलचे ग्लास भरले. पहिला घोट घेतला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी लिंबाला शिव्या दिल्या. दुसरा घोट गेला. तिसऱ्याला साखर जास्त पडल्याचं कळलं.

"गोड आहे खूप," नात म्हणाली, "पण आइस टीच आहे."

मुलीने ग्लास संपवला आणि सदरे परत खुंटीला लावले. "राहा बाबा. पण रोज सकाळी चहा केला की मला फोन करायचा. नाक्यावरून नाही, घरून."

पाचला दोघी रिक्षात बसल्या. मी जिंकलो होतो. दारात उभा राहून हात हलवत होतो आणि रिक्षा वळणावर जाईपर्यंत वाटत होतं, आता ती थांबवेल, डोकं बाहेर काढेल आणि ओरडेल, चला बाबा, नाटकं पुरे. एकदा म्हणाली असती तरी पुरे होतं. मी चपला घालूनच उभा होतो.