हितपर्यंत हसायचं

अमेरिकेतली आर्धी माणसं आंघुळ झाली की माज्या हातच्या टावेलानं आंग पुसत्यात. म्हंजे मी टावेल विणत न्हाय, टावेलाची खोकी चिकटपट्टीनं बंद करतो, आन दर दुसऱ्या खोक्याला ती चिकटपट्टी माज्याच बोटाला चिकटती.

एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात आमचे एक मॅनेजर हुते. आमी त्यास्नी मास्तर म्हणायचो. दोन्ही हाताची पयली बोटं तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर ठेवायचे आन म्हणायचे, "हितपर्यंत हसायचं. फुडं न्हाय. फुडं गेलं की दात दिसत्यात, दात दिसले की मॅडमला शंका येती." असलं मापातलं हसू तुमी लग्नाच्या फोटोत बगितलं असंल. आमाला ते कामात धरलं हुतं.

मॅडम कोण ते सांगतो. आमचा टावेल घेती ती परदेशातली लई मोठी कंपनी. जगभर दुकानं, आन प्रत्येक दुकानावर म्हणं लिवलेलं असतं की आमच्याइतकं स्वस्त कुटंच न्हाय. ते स्वस्त कुटनं येतं ते आमाला इचारा. दर साली तिचा एक साहेब फोनवर भाव पाडायचा. मग आमचे मालक सूत हलकं करायचे, न्हायतर आमाला. आन दर साली त्याच कंपनीची मॅडम गाडीतनं यायची, आमी सुखात हाय का बगायला. साहेबाची आन मॅडमची कदी गाठ पडली नसावी.

मॅडमनं पास केलं न्हाय तर ऑर्डर जाणार, आन ऑर्डर गेली की आमी समदे घरी. म्हणून ती यायच्या आधी मास्तर तालीम घ्यायचे. स्वतः मॅडम व्हायचे. डोक्यावरनं टावेल घेऊन, बारीक आवाज काडून इचारायचे, "तुमी रोज किती तास काम करता?"

मी म्हणलो, "बारा."

"एंरा," मास्तर तेलुगूत सुरू व्हायचे आन मराठीत संपवायचे, "बारा घरी सांग. हितं आठ."

"घरी कवा सांगू मास्तर? घरी मी नुसता झोपायलाच असतोय की."

समदे हसले. मास्तरबी हसले, पण कोपऱ्यापर्यंतच. मला चौथीत मास्तरणीनं एकदाच फळ्याजवळ उबं केलं हुतं, ते अंगठे धरायला. ह्या मास्तरांनी मला फुडं उबं केलं ते बोलायला. "तुज्या डोक्यात काय न्हाय," म्हणायचे, "म्हणून तुजं खरं वाटतंय."

तालमीसंगं सजावटबी असायची. पाळणाघरात लाकडी घोडा यायचा, संडासात साबण यायचा. आन मागाच्या पट्ट्यांवर लोखंडी जाळ्या चडायच्या. पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून ती जाळी. पण जाळी असली की तेल घालायला दर बारीला माग बंद करावा लागतो, आन भाव असे पडलेले की माग बंद ठेवणं कुणालाच परवडंना. म्हणून जाळ्या वर्षभर गोदामात निवांत असायच्या. कारखान्यात सगळ्यात सुरक्षित त्याच.

त्या साली गाडी येळंच्या आधी आली. फाटकावरनं हाक आली तवा एका मागाची जाळी बसवायची राहिली हुती. माग बंद करायला मी हात फुडं केला.

"बंद करू नको," मास्तर म्हणाले. "मॅडमला कारखाना चालू दिसला पायजे."

आन चालत्या मागावर सोताच जाळी बसवायला वाकले. हात वाचवायची जाळी बसवताना हात पट्ट्यात गेला. वरडले न्हाईत. मागाच्या आवाजात वरडून उपेगबी नसतो. हात बाहेर काडून पोटाशी धरला. मी जवळचा पांडरा टावेल उचलला तर म्हणाले, "लाल. लाल आण."

नाकारलेल्या मालात एक लाल घावला. जुन्या, जाड सुताचा. तो हाताला गुंडाळून मास्तर दारात गेले आन मॅडमला डाव्या हातानं नमस्कार केला. सगळा कारखाना हिंडवला. पाळणाघर, घोडा, साबण. त्वांड मापात. एक थेंब खाली पडला न्हाय. कंपनीच्या हलक्या टावेलानं एवढं वढून घेतलं नसतं.

मॅडमनं दुभाष्या पोरीकडनं इचारलं, ह्यांच्या हाताला ते काय? मास्तरांनी माज्याकडं बगितलं. मी म्हणलो, "नवा रंग हाय. गिऱ्हाईक बगितलं की मास्तर दुकान हातावरच मांडत्यात."

पोरीनं सांगितलं, मॅडम हसली. चांगली दात दावून. म्हणाली, रंग फार छान हाय. परदेशी बाई माज्या बोलण्यावर हसली, ती तेवढीच.

आमी पास झालो. मालकांनी पेढे वाटले. मास्तरांची उजव्या हाताची दोन बोटं डाक्टरनं काडली, आन मालकांनी त्यास्नी शिकवलं, गाडीवरनं पडलो म्हणायचं. त्याच महिन्यात साहेबानं फोनवर भाव आणखी पाडला.

फुडच्या साली मॅडम यायची हाय असं कळल्यावर मालक मास्तरांना म्हणाले, "बोटं नसलेला माणूस दिसला की ती इचारणार. तुमी आता येऊच नका."

मास्तर म्हणाले, "बरोबर हाय. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं." जाताना आमच्याकडं वळले, डावं बोट कोपऱ्यावर ठेवलं, उजवा हात वर न्हेला आन तसाच खाली घेतला.

तालीम घ्यायचं काम मालकांनी मला दिलं. मला लई मोठं झाल्यागत वाटलं. पण सवाल-जवाब काय ध्यानात ऱ्हाईनात, म्हणून भवानी पेठंत मास्तरांच्या घरी गेलो. वैनी उंबऱ्यात बसून विड्या वळत हुत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मास्तर आत हुते, खोकला ऐकू आला, पण भाईर आले न्हाईत.

म्हणलं, वैनींना तरी हसवावं. दोन्ही बोटं तोंडाच्या कोपऱ्यांवर ठेवली आन म्हणलो, "हितपर्यंतच न्हवं, वैनी?"

त्यांनी सुपातनं मान वर केली न्हाय.

"बोटं खाली घ्या, भाऊ," म्हणाल्या. "दहाच्या दहा हायत अजून. तीच सांबाळा, आन परत हितं येऊ नका."