डावीकडचा कीबोर्ड

जुन्या हेडफोनच्या गादीचा काळा चुरा आज बोटांना लागला आणि बंगळुरूच्या जे. पी. नगरमधली ती दुपार आठवली. बँडमध्ये वाजवणारा अण्णा, माझा मोठा भाऊ, एका गाजलेल्या फंक गाण्यातले कीबोर्डचे थर सुटे करत बसला होता. “कीबोर्ड एकच आहे,” तो म्हणाला. “दोन आहेत रे,” मी सांगितलं. “डावीकडचा तुटक वाजतो, उजवीकडचा त्याला उत्तर देतो.” “स्वल्प, जरा थांब,” म्हणत त्याने हेडफोन उलटा घातला. आता त्याला उजव्या कानात फक्त तुटक वाजणाराच ऐकू येत होता. डावा कान कधी गेला, हे त्यालाही कळलं नव्हतं. “आईला सांगू नकोस,” एवढंच तो बोलला. मघाशी हा चुरा दाखवायला मी त्याला हाक मारली, विसरून डावीकडून. तो खिडकीबाहेरच बघत राहिला.