सेटबरोबर आलेले काका

मी एका दुकानात बिलाच्या काउंटरवर होते, तेव्हाची ही हकीकत. ज्यांची आहे त्यांना आम्ही सगळे ऑपरेटरकाका म्हणायचो. एकतीस वर्षं ते एका थिएटरात सिनेमा दाखवायच्या मशीनवर ऑपरेटर होते. थिएटर बंद पडलं, तिथे गाद्यांचं गोदाम झालं, आणि काका अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्या मालकांसमोर येऊन उभे राहिले.

"काहीही काम द्या," ते म्हणाले. "फक्त उभं राहायचं नको. उभं राहून झालंय माझं."

मालकांना नेमका असाच माणूस हवा होता. दुकान टीव्ही, स्पीकर, फ्रिज असल्या वस्तूंचं, दोन मजली. वरच्या मजल्यावर मालकांनी मोठ्या हौसेनं दोन नमुन्याचे दिवाणखाने उभे केले होते. समोरासमोर, मध्ये चिंचोळी वाट, दोन्हींना पुढून काच. डावीकडच्या खोलीत सगळं सुटं सुटं. पडदा वेगळा, डिस्कचा प्लेअर वेगळा, रेडिओ वेगळा, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. रिमोट पाच. उजवीकडच्या खोलीत एकच वस्तू, ऑल-इन-वन. भिंतीवर टीव्ही आणि बाकी सगळं त्याच्याच पोटात. रिमोट एक, त्यावर हिरवं बटण एक. खोल्या दिसायला झकास होत्या, पण रिकाम्या. गिऱ्हाईक काचेतून डोकवायचं आणि घरात कुणी गेल्यासारखं हळू आवाजात बोलायचं.

"बसायला माणूस पाहिजे," मालक म्हणाले. "अकरा ते आठ. डावीकडच्या खोलीत. घर वाटलं पाहिजे."

पहिले दोन दिवस काका सोफ्यावर पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. मालक वैतागले. "अहो, घरी बसता तसे बसा की!"

"घरी मी बसत नाही," काका म्हणाले. "घरी मी पडतो."

"मग पडा!"

तिसऱ्या दिवशी काका पायजमा, कोपरावर विरलेला स्वेटर आणि घरातल्या सपाता घेऊन आले, आणि पडले. तिथून गाडी रुळावर आली. कुणी गिऱ्हाईक सरळ आत घुसलं की काका उशीवरून मान उचलून विचारायचे, "कोण पाहिजे?" माणूस ओशाळून मागे व्हायचा, काचेवर टकटक करायचा, मग काका त्याला बसवून घ्यायचे. समजावून सांगताना ते अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवायचे, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. महिन्याभरात सुट्या वस्तूंची मागणी वाढली. मालकांनी काचेला बेल बसवली.

काकू डबा घेऊन यायच्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी, मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. बोलणं मोजून मापून, इंजेक्शन दिल्यासारखं. आठवडाभर त्यांनी काकांचं हे पडणं पाहिलं आणि एक दिवस मालकांना म्हणाल्या, "समोरची खोली मोकळी का? मी बसते."

"पण काकू, तुम्ही दोघं एकाच घरातले. दोन खोल्यांत दोघं, कसं दिसेल?"

"घरीही तसंच असतं," काकू म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

आता दोन्ही खोल्या नांदत्या झाल्या. दारं उघडी टाकून नवरा-बायको वाटेच्या अल्याड-पल्याडहून बोलायचे आणि गिऱ्हाइकं मधे उभी राहून टेनिसची मॅच बघितल्यासारखी माना हलवायची.

"एवढं काय मांडून बसलात?" काकू विचारायच्या. "निसर्गानं माणूस केला तो एकाच डब्यात केला ना? डोळे, कान, तोंड, सगळं एका जागी."

"म्हणूनच एक नाक वाहायला लागलं की अख्खा माणूस झोपतो," काका म्हणायचे. "तुझी एकतीस वर्षांची नोकरी त्याच्यावरच चालली."

"एकोणतीस."

"दोन वर्षं मला सर्दी होती, ती धर."

एका रविवारी मालकांच्या डोक्यात खूळ आलं. फुटबॉलचा मोठा सामना होता, तो दोन्हीकडे एकदम लावायचा, लोकच ठरवतील सरस कोण. वाट गच्च भरली. काकूंनी हिरवं बटण दाबलं आणि हातातलं विणकाम पुढे सुरू केलं. सामना दिसायला लागला. इकडे काका उठले, चष्मा पुसला आणि क्रमानं एकेक वस्तू जागी करायला लागले. आधी प्लेअर, मग पडदा, मग रेडिओ, आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. रेडिओचं काय काम, असं कुणी विचारलं तर म्हणाले, "त्याला डावलून चालत नाही." अकरा मिनिटं गेली. तेवढ्यात काकूंकडे एक गोल होऊनसुद्धा गेला. पण काकांचा आवाज लागला मात्र, मजल्याची फरशी थरथरली, चेंडूला लाथ बसली की लोक पोट आवळायला लागले. उजवी खोली रिकामी होऊन सगळी गर्दी डावीकडे लोटली. एक बाई म्हणाल्या, "अगदी अंगावर येतंय हो!" आणि मागे सरकून दुसऱ्याच्या मांडीवर बसल्या.

त्याच गडबडीत काकूंच्या टीव्हीत कुणीतरी डिस्क उलटी खुपसली. ती अडकली. डिस्क अडकली म्हणून चित्र गेलं, चित्र गेलं म्हणून आवाज गेला, आणि रेडिओचा काडीचा संबंध नसताना तोही गेला. सोमवारी कंपनीचा माणूस आला आणि अख्खी वस्तू भिंतीवरून उतरवून घेऊन गेला.

काकू नऊ दिवस कोऱ्या भिंतीसमोर बसल्या. मालकांनी सुट्टी देऊ केली. "नको," त्या म्हणाल्या, "ड्यूटी म्हणजे ड्यूटी." नवल हे, की गिऱ्हाइकं तरीही यायची. एक गृहस्थ काकूंशेजारी बसून पाव तास भिंतीकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ह्याचा डोळ्यांना अजिबात त्रास होत नाही. हे मॉडेल घरपोच मिळेल का?" मी त्यांचं नाव-पत्ता लिहून घेतला. काय करणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दातांचे डॉक्टर आले. बुटके, अतिशय सभ्य, बरोबर पत्नी आणि कॉलेजातली मुलगी. बेल वाजवून तिघं डाव्या खोलीत गेले आणि अर्धा तास बसले. काकांनी त्यांना काहीतरी संथ वाद्यसंगीत ऐकवलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे असंच पाहिजे. जसं आहे तसं. सोफा, गालिचा, दिवा, सगळं."

"देतो की," मालक म्हणाले.

"आणि हे?" डॉक्टरांनी काचेतून काकांकडे बोट केलं. "ह्यांच्याशिवाय ते चालू कसं करायचं ते आम्हाला जमणार नाही."

आमच्या मालकांनी जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. "ते सेटबरोबरच येतात," ते म्हणाले.

चलन मी लिहिलं. सोफा, नग एक. गालिचा, नग एक. स्पीकर, नग दोन. मग पेन थांबलं. मालक म्हणाले, "लिही, लिही. ऑपरेटर, नग एक." मी लिहिलं. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी टेम्पोत पाठीमागे सोफ्यावरच बसून जातो. पुढे ड्रायव्हरजवळ धक्के बसतात." सामान उतरवून घेतल्यावर डॉक्टरांनी एकेक वस्तू निरखली, काकांना आ करायला लावून आतही बघितलं, आणि सही केली, 'सर्व सुस्थितीत मिळाले.'

काकांनी दोन दिवसांत सगळं शिकवून परत यायचं, असं ठरलं होतं. पण डॉक्टरांचा क्रम चुकायचा. पत्नीचाही चुकायचा. मुलगी म्हणाली, मला वेळ नाही. दोनाचे पंधरा दिवस झाले. काका रोज अकराला तिथे जात आणि आठला घरी येत.

इकडे काकूंचा टीव्ही दुरुस्त होऊन आला होता, पण त्यांच्याशी भांडायला समोर कुणी नव्हतं. हिरवं बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर दुकानात आले, बेल वाजवली आणि काकूंच्या खोलीत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले.

"थोडा वेळ बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा. दुखतंय का काही?"

"नाही हो. घरी बसायला जागा नाही. दिवाणखान्यात ते असतात." डॉक्टरांनी आवाज उतरवला. "सोफ्यावर पडलेले. आम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओढून मागे बसतो. काल माझा मेहुणा आला होता. त्याला ते म्हणाले, कोण पाहिजे?"

काकूंनी विणकाम पिशवीत टाकलं आणि थेट डॉक्टरांचं घर गाठलं. मीही बरोबर होते. पत्त्याचा कागद माझ्याकडे होता म्हणून. डॉक्टरांच्या पत्नीनं दार उघडलं. आत काका पायजम्यात, उशी मानेखाली, डोळे मिटून ऐकत पडले होते.

"उठा," काकू म्हणाल्या.

"हळू बोल. आता बासरी येतेय."

"उठा म्हणते ना. हे लोकांचं घर आहे."

काका उठून बसले. मग त्यांनी पहिल्यांदाच त्या खोलीकडे नीट बघितलं. भिंतीवर डॉक्टरांच्या मुलीचा लहानपणीचा फोटो होता. खिडकी होती, खिडकीबाहेर झाड होतं. आमच्या वरच्या मजल्याला खिडकीच नव्हती.

"मला वाटलं," ते म्हणाले, "की आपली खोली हलवली फक्त."

त्यांचा चेहरा इतका पडला की डॉक्टरांच्या पत्नीनं पाणी आणून दिलं. काकांनी सपाता पिशवीत घातल्या, स्वेटरची घडी केली आणि एका कागदावर क्रम लिहून दिला, चौदा पायऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले तर डाव्या खोलीत कपडे धुण्याची यंत्रं मांडलेली. काका बेलजवळ उभे राहिले. तेवढ्यात माझ्या काउंटरवरचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर. "नवव्या पायरीवर अडकलोय," ते म्हणाले. "ते येतील का? फक्त चालू करायला. पडायला नाही."

त्या दिवसापासून काकांचं नवं काम सुरू झालं. ज्यांनी ज्यांनी सुट्या वस्तू नेल्या होत्या त्या सगळ्यांचं हेच रडगाणं होतं, लाजेखातर कुणी बोलत नव्हतं इतकंच. बघता बघता अकरा घरं झाली. काका सायकलवरून निघायचे, संध्याकाळी पाचपासून एकेका घरी सेट चालू करत जायचे आणि शेवटच्या घरापासून उलटे बंद करत यायचे. पहिल्या घराला सगळ्यात जास्त वेळ बघायला मिळायचं आणि अकराव्या घराला जेमतेम बातम्या. त्यावरून कुरबुरी झाल्या, तेव्हा काकांनी दर आठवड्याला फेरीची दिशा बदलली. कपाळावर आठी असायची, पण शीळ घालत जायचे.

मग एकदा ते तापानं फणफणले. चारलाच फोन यायला लागले. काकूंनी माझ्याकडून अकरा पत्ते घेतले आणि म्हणाल्या, "मी जाऊन येते." पहिलं घर डॉक्टरांचंच. काकूंनी ती चौदा पायऱ्यांची यादी वाचली, पाच रिमोट बघितले, आणि इस्पितळात बंद पडलेल्या मशीनचं करायच्या तेच केलं. सगळ्या वस्तूंच्या वायरी जिथे एकत्र येत होत्या तो भिंतीतला एकच खटका शोधून दाबला.

सगळं चालू झालं. चित्र, आवाज, रेडिओसुद्धा. अर्ध्या मिनिटात.

डॉक्टर बघत राहिले. त्यांची पत्नी बघत राहिली. मुलगी म्हणाली, "म्हणजे इतके दिवस..." आणि आईनं तिच्या हातावर हात ठेवला.

काकूंनी अकराही घरी तेच केलं, आणि प्रत्येक घरी सांगून आल्या, "हे ह्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. बरे झाले की येतील ते." दुसऱ्या दिवशी मला हे सगळं सांगताना त्या विणकामाचे टाके मोजत होत्या.

"पण काकू," मी म्हटलं, "मग तुमचंच खरं ठरलं की. एक बटण."

"ठरू दे. पण घरी बसवून ठेवू का त्यांना? दिवसभर पंख्याचा स्पीड कमी-जास्त करतात."

काका आठवड्यानं उठले आणि सायकल काढली. अकरापैकी नऊ घरांनी त्यांना पूर्वीसारखंच बोलावलं. दोघांनी सबब सांगितली, एकानं परगावी जातोय म्हणून आणि एकानं कान बिघडलेत म्हणून. डॉक्टरांच्या मुलीला काकांचा क्रम पाठ झालाय; ती त्यांच्या मागे उभी राहून पुढची पायरी आधीच म्हणते आणि काका मुद्दाम एखादी वगळून तिला पकडतात. डॉक्टरांनी काकांची खालची दाढ काढली आणि कवळीचं माप घेतलं. परवा काका दुकानात आले होते. कवळी नवीन आहे, बोलताना शीळ वाजते, म्हणून सध्या कमी बोलतात. नऊपैकी चार घरांनी जागा बदलल्यात, त्यांचे नवे पत्ते तेवढे मला सांगितले आणि सायकलच्या चाकात हवा भरून घेऊन गेले.