गालावरचा हात

दातदुखीसारख्या विषयावर मी काय लिहावं? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण सरकारी रुग्णालयातलं दंतविभागाबाहेरचं ते बाकडं डोळ्यांपुढून हलत नाही. त्यावर बसलेल्या प्रत्येकानं आपला एक गाल तळहातानं धरला होता, माझ्या आईनंही.

बाकड्यावर शेजारी बसलेली बाई आईला म्हणाली, "काढूनच टाका म्हणावं. एकदाची पीडा जाते."

"तेच सांगायला आलेय," आई पदराआडून हसली.

आमच्या वस्तीतून दात वाचवायला कुणी येत नाही. सगळे काढायलाच येतात. तोवर दुखऱ्या दाताला मिशेरी, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, दाबून ठेवायची.

डॉक्टरीणबाईंनी मात्र दात काढला नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"तंबाखू खाता का?"

"छे, तंबाखू कुठली! नुसती मिशेरी लावते," आई ठसक्यात म्हणाली.

त्यांनी चट्ट्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला.

त्या दिवसापासून वर्गात बसलो तरी माझी जीभ माझ्याच गालाच्या आत काहीतरी चाचपत राहायची.

काल रुग्णालयातून आईचा फोन आला. "कॅन्सर नाही म्हणाले रे. पण मिशेरी कायमची बंद."

गालात चाचपणारी माझी जीभ थांबली.

"आणि दाताला पुढच्या महिन्यात बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "तोवर दुखला तर लावू काय?"