हॉलच्या भिंतीवरचे डाग

मी भिंतीला तळहात लावला. भिंत कोरडी होती. बोटं मात्र जरा चिकट झाली, आणि नाकाशी नेली तर खोबरेल तेलाचा वास आला.

वाघोलीतला वन बीएचके, तिसरा मजला. लिफ्ट होती, पण त्या दिवशी बंद होती, त्यामुळे माझे गुडघे कुरकुरत होते. हॉलमध्ये दिवाणाच्या मागच्या भिंतीवर चार पिवळट गोल डाग होते. दोन वर, दोन जरा खाली. दिवाणावर बसून टीव्ही बघताना घरातली माणसं भिंतीला डोकं टेकतात, त्याचे ते. खालचे दोन मुलांचे.

"तिकडं नका बघू साहेब," भाडेकरू शैलाताई म्हणाल्या. "कितींदा सांगितलं घरात, डोकी टेकू नका म्हनून. ऐकतंय कोण."

मी सिव्हिल इंजिनिअर. आयुष्य साइटवर गेलं. रिटायर झाल्यावर लोकांना घरं तपासून देऊ लागलो. परगावी, परदेशी राहणाऱ्यांना पुण्यात स्वस्तातला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा असतो, पण प्रत्यक्ष यायला वेळ नसतो. त्यांच्या वतीने मी जातो. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघतो. फरशीवर नाण्याने टकटक करतो, आवाज पोकळ आला तर खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही असं समजायचं. वॉचमनला उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारतो, कारण सोसायटीचा सेक्रेटरी ते खरं सांगत नाही. भिंतीवर डाग दिसला तर हात लावतो. ओल असेल तर भिंत गार लागते आणि रंगाला फुगे येतात. मग रिपोर्ट. प्रत्येक फोटोखाली एक ओळ, आणि शेवटी माझं मत.

हा रिपोर्ट मिलिंदसाठी होता. मिलिंद एके काळी माझ्या हाताखालचा ज्युनिअर. आता कॅनडात. वाघोलीत त्याचे पाच फ्लॅट आहेत, पाचही लहान, पाचही भाड्याने दिलेले. हा सहावा.

पहिला फ्लॅट घेताना त्याने मला विचारलं होतं. तेव्हा वाघोलीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती. मी म्हणालो, "अरे, तिथे कोण राहायला जाणार? बैल?" ऑफिसमधले सगळे हसले. मिलिंदही हसला, आणि जाऊन बुकिंग करून आला. त्याच बिल्डिंगमध्ये मलाही घेता आला असता. मी वारज्यात एक घेतला, बिनलिफ्टचा, आणि अजून तिथेच जिने चढतोय.

तेव्हा स्पष्टच सांगतो, माझ्या पोटात दुखायचं. त्याचा फोन सकाळी माझ्या चहाच्या वेळी यायचा, तिकडे त्याचं जेवण उरकलेलं असायचं. "सर, तुमच्याशिवाय कोणावर विश्वास नाही," असं तो म्हणायचा, आणि तेच मला जास्त लागायचं. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं. उन्हातान्हात मी फिरायचं, फरशा मी वाजवायच्या, आणि हा तिकडे हीटर लावून बसल्या बसल्या घरमालक.

आणि हा फ्लॅट चांगला होता. पाचांपेक्षा चांगला. नळांना जोर होता, फरशी भरीव होती, किचनमध्ये सकाळचं ऊन येत होतं. मी मुद्दाम खुसपट शोधत होतो आणि मिळत नव्हतं.

निघताना शैलाताईंनी चहा दिला. त्या जवळच्या कॉलेजांतल्या मुलांना डबे देतात. जागा मोक्याची, मुलं चालत येऊन डबा नेतात. त्यांची स्वतःची दोघं समोरच्याच शाळेत.

"घेणार हाय का तुमचं साहेब?" त्यांनी विचारलं.

"बघू. रिपोर्टवर आहे."

"त्यांनी घेतलं तर बरं हुईल. ते भाड्यानंच देनार, मग आमी हितंच राहू. मालक लोणी काळभोरला असत्यात, त्यांना विकायची घाई हाय. दुसरं एक जोडपं बघून गेलंय, पन त्यांना सोता राहायचंय. त्यांनी घेतलं तर आमाला निघावं लागंल. डबे बी गेले मग."

मी मान हलवली आणि माझं कार्ड देऊन निघालो.

घरी येऊन रिपोर्ट लिहायला बसलो. डागांचा फोटो मी अगदी जवळून काढला होता. दिवाण दिसत नव्हता, उशा दिसत नव्हत्या. नुसती भिंत आणि पिवळे गोल. खाली लिहिलं, "हॉलच्या भिंतीवर डाग दिसले." यात एकही शब्द खोटा नाही. कशाचे, ते लिहिलं नाही. शेवटी मत दिलं, "घेण्याआधी विचार करावा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन आला.

"सर, ओल आहे का?"

"डाग आहेत. पावसाळ्यात काय होईल, आज सांगता येत नाही."

"तुम्ही असं म्हणताय म्हणजे नकोच. सोडून देतो."

एवढ्यावर त्याने सोडला. दोन प्रश्नही विचारले नाहीत. त्या दिवशी मी दाढी करताना गुणगुणत होतो. बायको, सुषमा, म्हणाली, "अहो, आज काय विशेष? लॉटरी लागली का?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं. मला काहीच मिळालं नव्हतं, फक्त मिलिंदलाही मिळालं नव्हतं. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो.

मग शैलाताईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. "साहेब, तुमच्या साहेबांनी नाय म्हनलं का? मालक म्हनले, भिंतीत ओल हाय म्हनून नाय घेत. कुठं हाय ओल? माझ्या घरात ओल असती तर मला कळलं नसतं का?" त्या म्हणाल्या, "ते जोडपं ह्या आयतवारी टोकन देनार हाय. एकदा परत येऊन बघता का? हात लावून बघा."

हात मी लावला होता. तेच तर होतं.

फोन ठेवून खुर्चीत बसलो आणि सवयीने डोकं मागे टेकलं. माझ्या खुर्चीमागेही तसाच एक डाग आहे, पंचवीस वर्षांचा. सुषमाने त्यावर कॅलेंडर लावलंय. आमच्या घराचा रिपोर्ट कुणी लिहिला असता आणि त्यामुळे आम्हाला घर सोडावं लागलं असतं, तर मी त्या माणसाला काय काय बोललो असतो, ते मला तिथल्या तिथे ऐकू आलं. सकाळच्या चहाच्या वेळेची वाट न बघता मी मिलिंदला फोन लावला.

"मिलिंद, ते डाग तेलाचे आहेत. डोक्याच्या तेलाचे. भिंत खडखडीत कोरडी आहे."

तो म्हणाला, "सर, डाग दिसला की आधी हात लावायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच साइटवर. तुम्ही लावला नव्हता का?"

"लावला होता."

"मग?"

तब्येत, चष्मा, घाई, सगळी कारणं तोंडाशी आली. म्हटलं, या वयात आणखी एक अर्धवट रिपोर्ट नको.

"तुझा हेवा वाटला," मी म्हणालो. "सहावा फ्लॅट. मला बघवेना."

त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मालकांना आजच फोन करतो."

शनिवारी त्याने टोकन दिलं. शैलाताई तिथेच राहिल्या. नवा अकरा महिन्यांचा करार झाला, डबे चालू आहेत. त्यांनी मला एकदा फोन करून आभार मानले. त्यांना वाटतं, मी मिलिंदला फोनवर समजावलं म्हणून घर वाचलं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मिलिंदने माझी फी वेळेवर पाठवली. दिवाळीला शुभेच्छाही आल्या. सातव्या फ्लॅटचं काम मात्र अभिजितकडे गेलं. अभिजितसुद्धा माझ्याच हाताखाली शिकलेला. मध्यंतरी त्याचा फोन आला.

"सर, मिलिंद सरांची एक अट आहे. प्रत्येक डागाखाली तो कशाचा आहे ते लिहायचं, आणि फोटो लांबून काढायचा. आधी काही प्रॉब्लेम झाला होता का?"

"झाला होता," मी म्हणालो. "इंजिनिअरमध्ये होता. भिंतीत नव्हता."

त्याला ते समजलं नाही. तो हसला आणि म्हणाला, काम छान आहे, आता आठवा बघतोय. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला दोघांचा हेवा वाटतो.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून आणि या एका रिपोर्टमधून सांगण्यासारखं एकच आहे. ज्याच्या घरांकडे बघून आपल्या पोटात दुखतं, त्याची घरं तपासायला जाऊ नये. मी अजूनही जाईन. तो बोलावत नाही.