जयूच्या वहीतला रिकामा रकाना

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात सुकट निवडत होतो. फोनवर मावशी होती. "जयू गेली रं..." एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ मागे कुठल्यातरी पंख्याचा घरघर आवाज येत राहिला. मी घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी. पस्तीस वर्षं धाटावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काढलेल्या माणसाची ही खोड, काही घडलं की आधी वेळ बघायची. पुढच्या गाडीने पेणला निघालो. निडी गेलं, नागोठणे गेलं, आणि मला रडू काही येईना. सकाळी चहा पिताना जयू डोकं दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय सत्तेचाळीस. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

जयू माझी मावसबहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. पेणला रामवाडीत ती आणि मावशी दोघीच राहायच्या. लग्न तिने केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. काका, म्हणजे तिचे वडील, खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. उघाडीवरून, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावरून, कुणी सांगत आलं की पाणी चढलंय, तर काका त्याला एकच विचारायचे, "बगलंस की आयकलंस?" आयकलं असेल तर स्वतः बांधावरून चालत जाऊन पाणी बघून यायचे आणि मगच दाराला हात लावायचे. पोरीने बापाकडून दुसरं काही घेतलं की नाही देव जाणे, हे मात्र पुरेपूर घेतलं. तिची कामाची वही असायची. डाव्या बाजूला काय घडलं ते लिहायचं, उजवीकडे एक अरुंद रकाना, वर शीर्षक ‘कोणी पाहिलं’. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्याचं नाव तिथे. कुणीच बघितलं नसेल तर रकाना रिकामा. आपल्या आईने सांगितलेलंही ती तिथे नुसतं असंच भरत नसे.

तिचं काम सांगायचं तर आमच्या नातेवाइकांत आधीच गोंधळ. ती ड्रायव्हर लिहिते म्हटल्यावर एका लग्नात कुणीतरी विचारलं होतं, "कुठली गाडी?" जयू हसली नाही, चिडलीही नाही. संगणकात एक नेटवर्क कार्ड असतं, बाहेरून आलेले निरोप ते आत घेतं, आणि त्या कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, असं तिने शांतपणे समजावलं आणि पुन्हा जिलेबीकडे वळली. कारखान्यांसाठी आकडे दाखवणारे संगणकाचे पडदे आणि मोजमापाची यंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी तिला हे काम द्यायची. त्यांचेच पडदे आमच्या प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये लागले तेव्हा मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटलो होतो, की आमच्या जयूचं डोकं आहे त्यात.

तोच पडदा पुढे माझ्या मुळावर आला. एके दुपारी पहिली शिफ्ट संपायच्या सुमारास माझ्या ताब्यातली पाच नंबरची टाकी भरून वाहिली. सौम्य आम्लाचं पाणी होतं, कुणाला इजा झाली नाही, पण आवारातलं गवत जळलं आणि साहेब लोक धावत आले. पडद्यावर पाच नंबरच्या नावापुढे टाकी निम्मी दिसत होती. मी तेच सांगितलं. कुणी ऐकेना. पडदा कसा खोटं बोलेल, हा माणूसच झोपला असणार! मला घरी बसवलं आणि चौकशी लावली. इतक्या वर्षांत एक मेमो नाही, आणि आता कँटीनमधला पोऱ्यासुद्धा माझ्याकडे बघून गप्प व्हायचा. नोकरी जाते की राहते, हा प्रश्न होताच. पण झोपाळू म्हणून जायचं, हे मला सहन होत नव्हतं.

मी जयूला फोन लावला. "जये, तुझा पडदा खोटं बोलतो."

"पडदा माझा नाय, दादा. कार्डातून आत येतं तेवढं माझं. आणि ते बरोबर हाय."

"म्हणजे मी खोटा?"

"मी तसं बोलले नाय." मी फोन आपटला. माझं डोकं फिरलं की फिरतं. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मावशी मध्ये पडून दमली. पण जयू त्या दोन महिन्यांत स्वस्थ बसली नव्हती, हे मला नंतर कळलं. तिने तसंच एक कार्ड आणून घरच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं, ते तापतं म्हणून शेजारी छोटा पंखा, आणि दिवसभर त्याच्यावर निरोपांचा मारा. प्रत्येक निरोपाला क्रमांक. आत गेलेला आणि बाहेर आलेला ताडून बघायचा. सगळे बरोबर येत होते. तिला चूक सापडत नव्हती, आणि मी खोटं बोलेन हेही तिला पटत नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती वही घेऊन रोह्याला आमच्या दारात उभी. माझ्या बायकोने, सुलभाने, भाकऱ्या टाकल्या, वालाचं बिरडं केलं. भांडणाचा विषय कुणी काढला नाही. जयू म्हणाली, "दादा, त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंस ते सगळं सांग. तुला फालतू वाटेल तेपण." मी सांगत गेलो, ती जेवता जेवता डाव्या हाताने लिहीत गेली. शिफ्ट बदलण्यापाशी आलो तेव्हा म्हटलं, तिथे काय, सगळ्यांची एकच घाई. नियम असा की खाली उतरायचं, टाकीच्या अंगाला लावलेल्या काचेत पाणी कुठवर आहे ते बघायचं, वर येऊन पडद्याशी ताडायचं, आणि मग चार्जबुकावर सही करून पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा. पण तीनला गेटवर बस लागते, ती कुणासाठी थांबत नाही. म्हणून पावणेतीनलाच सगळे आधी सही मारून मोकळे होतात, सगळ्या टाक्यांचे आकडे मागवायचं रिपोर्टाचं बटण दाबतात, आणि बघायचं ते नंतर धावतपळत बघतात. "सगळे एकदमच दाबता?" जयूने विचारलं. म्हटलं, व्हय, बस एकच आहे ना! तिने हातातला घास ताटात ठेवला. "आधी सही आणि बघायचं मागनं..." असं स्वतःशीच म्हणाली. सुलभाला वाटलं बिरड्यात मीठ जास्त झालं.

मग तिने सुलभाचे पाच-सहा स्टीलचे डबे मागून घेतले आणि जमिनीवर गोल मांडले. असे डबे कार्डापुढे असतात, म्हणाली, त्यांना बफर म्हणतात. कार्ड आलेला निरोप एका डब्यात टाकतं आणि पुढच्या डब्याकडे जातं. मागून ड्रायव्हर येतो, डबा रिकामा करतो आणि ‘घे, भर’ म्हणून कार्डाला परत देतो. तिने काय केलं होतं, तर दोन क्षण वाचावेत म्हणून डब्यावरचं नाव वाचलं की ‘घे, भर’ आधीच सांगून टाकलं होतं आणि आतलं सामान त्यानंतर काढत होती. एरवी बिघडत नाही, कारण कार्ड फेरी मारून परत त्याच डब्याशी येईपर्यंत तिचं आवरलेलं असतं. पण तुम्ही पंचवीस जणांनी एकदम बटणं दाबलीत, म्हणाली, की निरोपांची झुंबड उडते, कार्ड गरकन फिरून येतं आणि मी अजून काढतेय तोवर त्याच डब्यात नवीन ओततं. नाव पाच नंबरचं, आकडा निम्म्या भरलेल्या तीन नंबरचा. "तुमच्या चार्जबुकासारखंच, दादा. मीपण आधी सही मारत होते." दोघांत कोण आधी पोचतो यावर सगळं अवलंबून, म्हणून त्या चुकीला त्यांच्यात रेस म्हणतात. मला ते डबे बघून पहिल्यांदा तिचं काम कळलं.

चार दिवसांनी फोन आला. झुंबड उडवल्याबरोबर तिच्या टेबलावर तीच चूक झाली होती. "बघितलं, दादा! माझ्या डोळ्यांनी." आवाजात एवढा आनंद, जणू चूक दुसऱ्याच कुणाची! दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची अदलाबदल, आणि मध्ये एक ओळ, की आधीचं काम पुरतं झाल्याशिवाय पुढचं करू नको. ही मधली ओळ कशाला, म्हटलं. तर यंत्रही तुमच्यासारखंच अतिशहाणं असतं, वेळ वाचवायला पुढचं काम आधी उरकतं, त्याला दटावून ठेवावं लागतं, म्हणाली. मग तीन आठवडे तिने ते कार्ड झुंबडीत चालवलं आणि नंतरच कंपनीला आणि आमच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं. चूक माझी आहे, अशी पहिलीच ओळ. मी तिच्यासमोरच बसलो होतो, म्हटलं, "कार्डाची चूक म्हणून लिही गो, कोण बघायला येतंय?"

"कार्डाची नाय. माझीच हाय." मग पेन तसंच धरून तिने विचारलं, "तू सही केलीस पावणेतीनला. काच बघितली होतीस?"

"व्हय. बघितली. निम्मी होती."

तिने माझ्याकडे बघितलं, शेजारच्या वहीत एक ओळ लिहिली... आणि वही मिटली. चौकशीतही मी तेच सांगितलं होतं, सहीच्या आधी खाली उतरून काच बघून आलो म्हणून. तिच्या पत्राने माझं म्हणणं खरं ठरलं, मी मानाने कामावर परत गेलो, पेढे वाटले. सगळा दोष तिच्या एकटीच्या अंगावर आला. त्या कंपनीने तिला पुन्हा काम दिलं नाही. पुढे ती पेणला एका क्लासमध्ये संगणक शिकवायची, अधूनमधून बारीकसारीक कामं घ्यायची. मला एका शब्दाने बोलली नाही. दर दिवाळीला येत राहिली, डबे मांडल्याची आठवण काढून सुलभाशी हसायची. तिला बघितलं की मी काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यायचो.

परवा मावशीने बोलावलं, जयूच्या वह्या बघ म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. जयूच्या खोलीत ते जुनं कार्ड तसंच होतं आणि पंखा चालू होता. तो कसा बंद करायचा हे मावशीला ठाऊक, पण ती करत नाही. मी त्या वर्षाची वही काढली. पान सापडलं. बस, बटण, झुंबड, सगळ्यांपुढे उजवीकडे नावं होती, कुठे माझं, कुठे तिचं. शेवटची ओळ, ‘पावणेतीनला काच बघितली, टाकी निम्मी.’ त्यापुढचा रकाना रिकामा. खाली पेन्सिलने बारीक हिशोब, पंप मिनिटाला किती भरतो, टाकी किती वाजता वाहिली, म्हणजे पावणेतीनला पाणी कुठे असायला हवं. गळ्यापर्यंत. त्या वेळी काच बघितलेल्या माणसाने निम्मी म्हणणं शक्यच नव्हतं. बाई सगळं जाणून होती! जाणूनही पत्रात तिने फक्त स्वतःची चूक लिहिली.

मी काच बघितली नव्हती. खुर्चीत बसून सही केली होती आणि बसकडे लक्ष होतं. हे तेव्हा सांगितलं असतं तर दोष निम्मा माझ्याकडे आला असता, आणि तिचं काम कदाचित राहिलंही असतं. आता मी रिटायर झालो, मला कुणी काढू शकत नाही, तेव्हा हे धाडस फुकटचं आहे हे मला कळतं. लाज वाटते ती वाटतेच.

मी खिशातलं पेन काढलं, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, ‘कोणीही नाही.’ खाली सही केली. मावशी दारात उभी होती. काय लिवलंस, म्हणाली. मी वाचून दाखवलं, सगळं सांगितलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

मावशी पंख्याजवळ येऊन बसली. "तिला म्हाईत होतं रं. मी बोल्ले तिला, इचार की मग त्याला. तर बोलली, मी इचारनार नाय. दादा सांगंल कवातरी, तवर जागा सोडून ठेवलीय."