लाल दोरी

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला सोलापूरबाहेरचा तो कारखाना आठवतो. तिथं घरांच्या काँक्रीटच्या भिंती साच्यात ओतून, ओल्या गोणपाटाखाली ठेवून, पक्क्या झाल्या की ट्रकनं बांधकामावर पाठवत. शंका आली तर कुणीही लाल दोरी ओढायची. घंटा वाजली की सगळं काम थांबायचं, असा नियम होता. मी नवीनच लागले होते. एका साच्यात खिडकी उलट्या बाजूला बसवल्यासारखी वाटली आणि काँक्रीट पडायच्या आत मी दोरी ओढली. घंटा वाजली, यंत्रं थांबली. उन्हाळ्याचे दिवस, कालवलेलं काँक्रीट आळायला लागलं, सगळे माझ्याकडे बघत राहिले. फोरमननी येऊन नकाशा ताडून पाहिला. खिडकी बरोबर होती. मला रडूच फुटायचं बाकी होतं. ते म्हणाले, "बरं केलंस पोरी. खरंच उलटी असती तर अख्खी भिंत फोडावी लागली असती की. शंका आली की वढायची, चुकली तरी वढायची." त्या शब्दांवर मी या धंद्यात टिकले. आज माझ्या शेडमध्ये घंटा वाजली. दोरीपाशी एक नवी मुलगी कावरीबावरी होऊन उभी होती, ट्रक दारात खोळंबला होता, आणि माझ्या तोंडाशी रागाचा शब्द आला होता. तो गिळून, साच्यात डोकावायच्या आधीच मी म्हटलं, "बरं केलंस पोरी."